दिवेलागणीचे थवे : आपल्या वस्तीतील भोरड्यांचा रातथारा कसा शोधावा आणि कसा पाहावा

डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मुलुंड पूर्वेच्या एखाद्या उंच गच्चीवर उभे राहिले, की मिठागरांच्या आणि खाडीच्या बाजूने पक्ष्यांचे लहान लहान घोळके इमारतींच्या डोक्यावरून वस्तीत शिरताना दिसतात. एक घोळका दहा-बाराचा असतो, पाठोपाठ तिसाचा येतो, मग काही मिनिटे आकाश रिकामे राहते आणि पुन्हा नवा घोळका येतो. सूर्य टेकेपर्यंत हे सारे पक्षी दोन-तीन ठरावीक झाडांभोवती एकवटलेले असतात. हे पक्षी म्हणजे मध्य आशियातून आलेल्या भोरड्या, आणि ती झाडे म्हणजे त्यांचा रातथारा.

रातथारा म्हणजे पक्ष्यांनी रात्र काढण्यासाठी एकत्र जमण्याची ठरलेली जागा. तिचा घरट्याशी काही संबंध नसतो. एका झाडावर शेकडो पक्षी दिसले म्हणजे तिथे शेकडो घरटी असणार, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. प्रत्यक्षात भोरडी भारतात एकही घरटे बांधत नाही. तिचे विणीचे सगळे काम कझाकस्तान आणि आसपासच्या गवताळ प्रदेशांत, दगडांच्या फटींत आणि कपारींत, मे ते जुलैच्या आत उरकते. उरलेले आठ-नऊ महिने ती आपल्याकडे असते आणि त्यातल्या प्रत्येक संध्याकाळी तिला रात्रीपुरता आसरा हवा असतो.

हा लेख तो आसरा शोधण्याविषयी आणि नीट पाहण्याविषयी आहे. एखाद्या दिवशी वर पाहून थवा सुंदर दिसला, एवढ्यावर थांबणाऱ्यांना या लेखाची गरज नाही. परंतु ज्यांना आपल्याच गल्लीतल्या एका झाडाचे ऑगस्ट ते एप्रिलपर्यंतचे संध्याकाळचे आयुष्य समजून घ्यायचे आहे, त्यांना एकाच जागी, पुन्हा पुन्हा, घड्याळ आणि वही घेऊन उभे राहावे लागते. माझ्या अनुभवात रातथारा कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आधी पक्षी ओळखा

भोरडीला पळसमैना आणि गुलाबी मैना अशीही नावे आहेत. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचे डोके, गळा, पंख आणि शेपटी काळी, पाठ आणि पोट गुलाबी, आणि डोक्यावर मागे झुकलेला तुरा असतो. मात्र हिवाळ्यात हा गुलाबी रंग मळकट दिसतो, कारण नव्या पिसांच्या कडा फिकट तपकिरी असतात. त्या कडा झिजत जातात तसा खालचा गुलाबी रंग उघडा पडतो आणि मार्चपर्यंत पक्षी उजळतो. त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले पूर्ण मातकट, पिवळसर चोचीची आणि तुऱ्याविना असतात. ऑक्टोबरात अशा मातकट पक्ष्यांचा घोळका पाहून ही वेगळीच कुठली जात असावी, असे वाटू शकते.

आमच्या इमारतीत सोलापूरकडचे एक आजोबा राहतात. पहिल्या वर्षी मी त्यांना दुर्बीण दिली, तेव्हा क्षणभर पाहून ते म्हणाले, "अगं, या तर आमच्या भोरड्या. ज्वारी दाण्याला आली की यांना हाकलायला आम्ही माळ्यावर गोफण घेऊन बसायचो." कणसावर उतरणारा हाच पक्षी विणीच्या प्रदेशात टोळ आणि नाकतोडे फस्त करतो, चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम दगडविटांचे आडोसे रचून देतात. मुंबईत तो कीटकांबरोबर वड-पिंपळाची फळे खातो आणि जानेवारीनंतर काटेसावर, पांगारा आणि पळस यांच्या फुलांतला मध पितो. दिवसभर अशा झाडांवर भांडणारे पक्षीच संध्याकाळी रातथाऱ्याकडे निघतात, म्हणून फुललेली सावर लक्षात ठेवावी.

उडताना भोरडी ओळखण्यासाठी रंगापेक्षा आकार उपयोगी पडतो. टोकदार, त्रिकोणी पंख, आखूड शेपटी, सरळ आणि वेगवान उड्डाण, आणि घट्ट बांधलेला घोळका ही तिची लक्षणे आहेत. साळुंकीच्या पंखांवर उडताना पांढरे मोठे ठिपके लखलखतात आणि ती बहुधा जोडीने किंवा सैल टोळीने जाते. पोपटांच्या शेपट्या लांब असतात आणि त्यांची किंचाळी आधी ऐकू येते. कावळा संथ पंख मारतो. अंधार दाटल्यावर उलट्या दिशेने, म्हणजे झाडांकडून बाहेर, मोठे काळे पंख हलवत जाणारी वटवाघळे असतात. त्यांची रात्र तेव्हा सुरू होत असते. सुरुवातीला मी कित्येक संध्याकाळी साळुंक्यांनाही भोरड्यांत मोजले होते आणि ती पाने पुढे मला बाद करावी लागली, म्हणून पहिला आठवडा मोजणीला हात न लावता केवळ ओळख पक्की करण्यात घालवावा, असे मी आग्रहाने सांगते.

भोरडीखेरीज आणखी काही पाहुणे वस्तीजवळ थाऱ्याला येतात. धोबी पक्षी दिवसभर एकेकटे किंवा जोडीने शेपटी हलवत फिरतात, पण संध्याकाळी त्यांची बरीच संख्या एका झाडात किंवा पाणवनस्पतींत जमते, आणि कधी कधी हे झाड दिव्यांच्या उजेडातले, गजबजलेल्या रस्त्यावरचे असते. पाकोळ्या विजेच्या तारांवर रांगेने बसतात किंवा लव्हाळ्यांत शिरतात. ईशान्येकडून येणारी राखी मैना भोरड्यांच्या आसपास दिसते. रोहित पक्ष्यांविषयी बरेच जण विचारतात. त्यांचा दिनक्रम ठाणे खाडीच्या भरती-ओहोटीवर चालतो, झाडावर ते बसत नाहीत, आणि त्यांच्यासाठी लागणारी पद्धत निराळी आहे.

महिना आणि घटका

भोरड्या हिवाळी पाहुण्यांत सर्वांत लवकर येणाऱ्यांपैकी आहेत. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टात, पाऊस चालू असतानाच, पहिले घोळके दिसतात, आणि एप्रिल संपता संपता शेवटचे निघून जातात. मुंबईत नवशिक्याने नोव्हेंबरपासून सुरुवात करावी. आकाश निरभ्र असते, पक्षी स्थिरावलेले असतात, आणि सूर्यास्त लवकर होत असल्यामुळे शाळा-महाविद्यालयातील मुलेही सोबत येऊ शकतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस आहे. इमारतीतल्या लोकांना पहिल्यांदा गच्चीवर बोलावण्यास हे निमित्त चांगले आहे.

सूर्यास्ताची वेळ हाच या निरीक्षणाचा कणा असतो. मुंबईत ती नोव्हेंबरच्या अखेरीस सुमारे ६ वाजता, जानेवारीच्या मध्यात सुमारे ६.२० वाजता, फेब्रुवारीच्या अखेरीस सुमारे ६.४३ वाजता आणि मार्चच्या अखेरीस सुमारे ६.५३ वाजता असते. म्हणून "पक्षी पावणेसहाला आले" असे लिहिण्यापेक्षा "सूर्यास्ताच्या १५ मिनिटे आधी आले" असे लिहावे, म्हणजे डिसेंबरातील आणि मार्चमधील पान शेजारी ठेवून ताडता येते. आपण १९ अंश अक्षांशावर असल्यामुळे येथे संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. सूर्यास्तानंतर २२-२४ मिनिटांत उघड्या डोळ्यांनी पक्षी वेगळे ओळखणे संपते. सूर्यास्ताच्या तासभर आधी जागेवर असावे आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास हलू नये. ढगाळ संध्याकाळी पक्षी लवकर परततात, त्या दिवशी आणखी पंधरा-वीस मिनिटे आधी जावे.

झाड शोधण्याची रीत

बहुतेकांना वाटते, की वस्तीत हिंडून झाडे तपासली की रातथारा सापडेल. दिवसा ते झाड रिकामे असते आणि संध्याकाळी इमारतींमधल्या अरुंद रस्त्यावरून आकाशाची एक पट्टीच दिसते, त्यामुळे हिंडून हाती काही लागत नाही. शोधाची सुरुवात उंचावरून करावी लागते.

पहिल्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन कुठून येतात आणि कुठे जातात, एवढेच टिपावे. गच्चीला बहुधा कुलूप असते, म्हणून सोसायटीच्या सचिवांना आधी भेटून कशासाठी, किती वेळ आणि कोण कोण हे स्पष्ट सांगावे आणि किल्ली रीतसर मागावी. घोळका दिसला की तो नजरेआड होईपर्यंत त्याच्यावर डोळे ठेवावेत, आणि ज्या दिशेला तो दिसेनासा झाला तिकडे फोन रोखून होकायंत्रावरचे अंश वाचावेत. एका घोळक्यावरून काही ठरवू नये. आठ-दहा घोळके त्याच दिशेला गेले, की ती वाट खरी मानावी.

दुसऱ्या संध्याकाळी मैत्रिणीला किंवा मित्राला तीन-चारशे मीटर दूरच्या दुसऱ्या गच्चीवर उभे करावे, आणि दोघांनी एकाच वेळी आपापल्या गच्चीवरून अंश टिपावेत. मग परिसराच्या नकाशावर दोन्ही गच्च्यांपासून त्या त्या अंशाच्या रेषा ओढाव्यात. रेषा जिथे छेदतात तिथून शंभरेक मीटरच्या आत बहुधा रातथारा असतो. दुसरे माणूस मिळाले नाही, तर एकानेच दोन वेगवेगळ्या संध्याकाळी दोन गच्च्यांवरून हे काम करावे. पक्षी रातथारा रोज बदलत नाहीत, त्यामुळे निष्कर्षात फारसा फरक पडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी छेदबिंदूभोवतीची झाडे खालून पाहावीत. रातथाऱ्याचे झाड त्याच्या तळावरून कळते. पानांवर, पदपथावर आणि उभ्या गाड्यांच्या काचांवर पांढऱ्या विष्ठेचा सडा, त्यात वड-पिंपळाच्या फळांच्या बारीक बिया, एखाद-दुसरे पीस, आणि उग्र वास या खुणा पुरेशा असतात. आजूबाजूला विचारावे. इस्त्रीचे दुकान, चहाची टपरी, रिक्षा स्टँड आणि रात्रपाळीचा वॉचमन यांना पक्ष्याचे नाव माहीत नसले, तरी कलकलाट कोणत्या झाडावर होतो आणि गाडी कुठे लावायची नाही हे नेमके माहीत असते. आमच्या भागातले दुसरे झाड मला एका रिक्षावाल्यांनी दाखवले. सात वाजता त्या सोनमोहराखाली कोणीच रिक्षा उभी करत नाही, एवढेच ते म्हणाले होते.

झाड घनदाट, उंच आणि पसरट असावे, अशी पक्ष्यांची पसंती दिसते. मुंबईत ती गरज पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, वड आणि पिंपळ भागवतात, आणि खाडीकाठी कांदळवन. वस्तीतले झाड रस्त्याच्या दिव्याजवळ असले तरी पक्षी बिचकत नाहीत. अंधारात घुबड आणि मांजर यांच्यापासून बचाव सोपा जातो म्हणून ते उजेडाजवळ बसतात, असे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते मला पटते.

दुर्बीण आणि उभे राहण्याची जागा

कातरवेळी दुर्बिणीच्या आकड्यांना विशेष अर्थ येतो. ८×४२ या आकड्यांतला ८ म्हणजे किती पट मोठे दिसते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागले की ५.२५ मिलिमीटर येतात, तेवढ्या रुंदीची प्रकाशाची शलाका डोळ्यांत शिरते. खिशात मावणाऱ्या ८×२५ दुर्बिणीत हा भागाकार ३ च्या थोडा वर येतो, आणि सूर्यास्तानंतर दहाव्या मिनिटाला तीत केवळ काळोख दिसतो. जास्त मोठे दिसावे म्हणून १०×२५ घेणाऱ्यांची निराशा आणखी होते. परवडत असेल तर ८×४२ घ्यावी; नसेल तर मोजणी उघड्या डोळ्यांनी उत्तम होते, दुर्बीण ओळखीपुरती लागते. याशिवाय वही, पेन्सिल, हातातले घड्याळ, लाल कागद लावलेली लहान विजेरी आणि डासांचे मलम असावे.

जागा निवडताना एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती अशी की सूर्यास्ताआधीची आणि सूर्यास्तानंतरची जागा वेगवेगळी असते. आधी पक्ष्यांचे रंग पाहायचे असतात, म्हणून सूर्य आपल्या पाठीशी असावा. सूर्यास्तानंतर रंग संपतात आणि आकृत्या उरतात, तेव्हा झाड आपल्या आणि पश्चिमेच्या उजळ आकाशाच्या मध्ये असावे, म्हणजे फांद्यांवर उतरणारा प्रत्येक पक्षी काळ्या ठिपक्यासारखा स्पष्ट दिसतो. एकाच गच्चीवर दोन्ही साधले तर उत्तम. नाहीतर सूर्यास्ताला पाच मिनिटे असताना जागा बदलावी. झाडापासून पन्नास-साठ मीटर दूर आणि झाडाच्या शेंड्याएवढ्या किंवा किंचित जास्त उंचीवर असलेली जागा सर्वांत चांगली.

इमारती दाटीने असल्यामुळे दुर्बीण कुठे रोखली जाते याचे भान ठेवावे लागते. समोरच्या घरातल्या माणसांना आपण खिडकीत पाहतो आहोत असे वाटले, तर त्यांचे वाटणे योग्य आहे. मी समोरच्या इमारतीतील काकूंना पहिल्याच आठवड्यात गच्चीवर बोलावून दुर्बीण त्यांच्या हातात दिली, आणि त्यानंतर कधी प्रश्न आला नाही. ड्रोन कोणत्याही परिस्थितीत उडवू नये. परवानगीचा प्रश्न तर आहेच, शिवाय थवा त्याला शिकारी पक्षी समजून झाड सोडतो.

संध्याकाळ उलगडते तेव्हा

पक्षी थेट झाडावर येत नाहीत. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीपासून ते आसपासच्या उंच, उघड्या जागांवर जमू लागतात. मोबाइल टॉवर, पाण्याच्या टाक्यांच्या कडा, निष्पर्ण फांद्या आणि डिश अँटेना या त्यांच्या ठरलेल्या जागा असतात. ही जमवाजमव पाहणे मला प्रत्यक्ष उतरण्याइतकेच मोलाचे वाटते, कारण उजेड पुरेसा असतो, पक्षी स्थिर बसलेले असतात, पिसे साफ करतात, आणि मातकट पिल्लांचे व गुलाबी प्रौढांचे प्रमाण केवळ याच वेळी मोजता येते. वहीत या प्रत्येक जागेला एक अक्षर द्यावे.

मग काहीतरी घडते आणि एक टॉवर एकदम रिकामा होतो. घोळके हवेत मिसळतात, झाडाभोवती फेर धरतात, दाट होतात, विरळ होतात आणि पुन्हा वळतात. भोरड्यांच्या भाऊबंदांवर, म्हणजे युरोपीय मैनांवर, रोम शहरात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की थव्यातला प्रत्येक पक्षी सगळ्या थव्याकडे न पाहता आपल्या सभोवतीच्या सहा-सात शेजाऱ्यांच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवतो, आणि ते शेजारी जवळ असोत की थोडे दूर, त्यांची संख्या तेवढीच राहते. म्हणून एका कडेला झालेली वळण घेण्याची हालचाल क्षणात दुसऱ्या टोकाला पोहोचते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर थव्याच्या मध्याकडे पाहू नये, कडेकडे पाहावे.

थवा अचानक आवळून चेंडूसारखा झाला, तर आकाशात वर शोधावे. बहिरी ससाणा उंचावरून झेप घेतो, शिक्रा इमारतींच्या आडून खालून येतो. अशा संध्याकाळी पक्षी दहा-पंधरा मिनिटे उशिरा बसतात, आणि कधी शेजारचे झाड निवडतात. वहीत शिकारी पक्ष्याची वेळ लिहिलेली असली, तर त्या दिवसाचा विस्कळीत आकडा पुढे समजून घेता येतो.

झाडावर उतरल्यावर सर्वांत मोठा कलकलाट होतो. जागांसाठी भांडणे होतात, आतल्या आणि वरच्या फांद्यांवर बसलेले खालच्यांना हुसकतात, पुन्हा एखादा पुंजका उठून बसतो. मग हा आवाज, कोणीतरी हात उचलून थांबवावा तसा, थोड्याच मिनिटांत ओसरतो. आवाज कमी होऊ लागल्याची आणि पूर्ण थांबल्याची अशा दोन्ही वेळा लिहाव्यात. इतक्या पक्ष्यांनी एकत्र का झोपावे, याची कारणे अनेक दिली जातात. अनेक डोळे सावध असतात, शिकाऱ्याच्या तावडीत नेमका आपणच सापडण्याची शक्यता कमी होते, आणि पीटर वॉर्ड व अमोत्स झहावी यांनी १९७३ मध्ये मांडल्याप्रमाणे, ज्यांना आज अन्न मिळाले नाही ते उद्या सकाळी पोट भरलेल्यांच्या मागे जाऊ शकतात. या शेवटच्या कल्पनेवर मतभेद आहेत, परंतु फुललेल्या सावरीची बातमी एका दिवसात साऱ्या थव्याला कशी लागते, हे पाहताना मला ती हमखास आठवते.

मोजणी

हजार पक्षी एकेक करून मोजता येत नाहीत आणि प्रयत्नही करू नये. आधी नजरेला दहाची सवय लावावी. घोळक्याच्या कडेचे दहा पक्षी मोजावेत, ते आकाशात किती जागा व्यापतात ते मनात धरावे, आणि तेवढेच तुकडे उरलेल्या घोळक्यावर ठेवत जावे. मोठ्या घोळक्यात दहाचे दहा तुकडे जोडून शंभराचा तुकडा करावा. नवशिके सहसा कमी मोजतात, विशेषतः दाट थव्यात, कारण मागचे पक्षी पुढच्यांच्या आड जातात. घरी तांदळाचे दाणे काळ्या ताटात टाकून, अंदाज करून, मग मोजून पाहावे. आठवडाभर दिवसातून पाच मिनिटे केले तरी अंदाज स्पष्टपणे सुधारतो.

झाडाभोवती फेर धरलेला थवा मोजण्यात अर्थ नाही, कारण तेच पक्षी पुन्हा समोरून जातात. मोजणी झाडाकडे येणाऱ्या वाटेवर करावी. आकाशात दोन खुणा धराव्यात, समजा एका बाजूला टाकी आणि दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि त्यांच्यामधली कल्पित रेषा ओलांडून झाडाच्या दिशेने जाणारेच पक्षी मोजावेत; परत बाहेर गेलेले वजा करावेत. पाच-पाच मिनिटांचे रकाने करून प्रत्येकात बेरीज लिहावी. समजा ५.३० ते ५.३५ मध्ये ४०, पुढच्या पाचात ११०, त्यापुढे ३२०, असे आले, तर शेवटची बेरीज जितकी महत्त्वाची, तितकाच हा चढाचा क्रमही महत्त्वाचा, कारण गर्दीची शिगेची घटका सूर्यास्ताशी कशी सरकते ते त्यावरून दिसते. एकापेक्षा जास्त वाटा असतील तर प्रत्येक वाटेला एक माणूस हवे. एकटे असाल तर एकाच वाटेची मोजणी नेमाने करावी आणि "केवळ ईशान्येची वाट" असे स्पष्ट लिहावे. अर्धी पण प्रामाणिक मोजणी वर्षानुवर्षे उपयोगी पडते. सगळ्या थव्याचा हवेत फेकलेला आकडा मात्र दुसऱ्याच दिवशी निरुपयोगी होतो.

प्रत्येक पानावर तारीख, सूर्यास्ताची वेळ, ढग, वारा, पहिला पक्षी, शेवटचा पक्षी, रकान्यांची बेरीज आणि व्यत्यय एवढे असावे. व्यत्यय म्हणजे फटाके, लग्नाची वरात, शिकारी पक्षी किंवा झाडाखाली सुरू असलेले काम. ही नोंद ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची असल्यास एका जागी उभे राहून केलेले निरीक्षण असा प्रकार निवडावा, कालावधी नेमका भरावा, आणि टिपणात रातथारा असल्याचे व उड्डाणाची दिशा लिहावी. फेब्रुवारीत देशभर होणाऱ्या पक्षिगणनेत अशा नोंदी आवर्जून द्याव्यात.

झाड, शेजारी आणि मांजा

रातथाऱ्याखाली उभे राहून टाळ्या वाजवणे, फ्लॅश मारणे किंवा फोनवर पक्ष्यांचे आवाज लावणे हे तिन्ही वर्ज्य आहे. सूर्यास्तानंतर उठवलेल्या पक्ष्याला पुन्हा बसायला अंधारात जागा शोधावी लागते. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. तिची धूळ श्वासात जाणे आरोग्याला घातक असते, म्हणून आधी पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून मग सफाई करावी. ही गोष्ट सोसायटीच्या सफाई कामगाराला समजावून सांगावी आणि मास्क आपण आणून द्यावा.

विष्ठेमुळे तक्रारी येतात आणि त्या खोट्या नसतात. एका वर्षी फेब्रुवारीत जवळच्या एका सोसायटीने गाड्या खराब होतात म्हणून पर्जन्यवृक्षाच्या फांद्या एका दिवसात उतरवल्या. त्या संध्याकाळी थवा नेहमीच्या वेळी आला, बोडक्या झाडाभोवती अंधार होईपर्यंत फिरत राहिला, आणि शेवटी तुकड्या तुकड्यांनी कुठेतरी पांगला. ते मला अजून विसरता आलेले नाही. त्यानंतर मी तक्रार येण्याची वाट पाहत बसत नाही. गाड्या चार महिने दुसऱ्या बाजूला लावण्याची सोय सुचवते आणि वहीतली पाने दाखवून सांगते, की पक्षी एप्रिलअखेर जाणार आहेत, छाटणी मे महिन्यावर ढकलली तर दोन्ही साधेल. तारीखवार नोंदींपुढे सचिव आणि खजिनदार मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे. खासगी आवारातील झाडाची छाटणी किंवा तोड महानगरपालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ त्यासाठीच आहे. परवानगीची चौकशी विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे करावी. मे महिन्यातही फांदी उतरवण्यापूर्वी कावळ्याचे घरटे नाही ना, हे पाहावे.

संक्रांतीच्या आठवड्यात वेगळी काळजी लागते. पतंग संध्याकाळपर्यंत आकाशात असतात आणि नेमक्या त्याच उंचीवरून घोळके परततात. इमारतीतल्या मुलांना नायलॉन मांजा वापरू देऊ नये आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी पतंग उतरवायला सांगावे. मोजणीला बोलावलेली मुले हे सहज ऐकतात. झाडांवर अडकलेला मांजा संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांत दिवसाउजेडी काढून टाकावा. जखमी पक्षी सापडला तर पंखात गुंतलेला मांजा ओढू नये, पक्ष्याजवळची दोन्ही टोके कापावीत, त्याला हवेची भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे, पाणी चोचीत ओतू नये, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा परळच्या पशुरुग्णालयात, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, न्यावे.

पहाट आणि शेवटची पाने

महिन्यातून एकदा तरी पहाटे यावे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी झाड बोलू लागते, पण पक्षी एकदम निघत नाहीत. आवाज वाढतो, थांबतो, आणि एक लाट बाहेर पडते. काही मिनिटांनी पुन्हा तसेच. युरोपीय मैनांच्या या लाटा रडारच्या पडद्यावर पाण्यातल्या तरंगांसारख्या एकाभोवती एक पसरणाऱ्या कड्यांच्या रूपात दिसल्या होत्या. संध्याकाळचा आकडा पडताळण्यासाठी पहाटेची मोजणी सर्वांत विश्वसनीय आहे, कारण या वेळी पक्षी फेर न धरता सरळ जातात.

मार्चच्या शेवटापासून आठवड्यातून किमान तीन संध्याकाळी उभे राहावे, कारण आता प्रत्येक दिवशी आकडा बदलतो. गुलाबी रंग पूर्ण उजळलेले प्रौढ आधी कमी होतात की मातकट पिल्ले, हे टॉवरवरच्या जमवाजमवीत पाहून लिहावे. ज्या संध्याकाळी कोणीच येत नाही, त्या संध्याकाळीही सूर्यास्तानंतर अर्धा तास थांबून वहीत शून्य लिहावे, आणि सलग दहा शून्ये होईपर्यंत थांबू नये; मागच्या वर्षी माझ्या सातव्या शून्यानंतर एका ढगाळ संध्याकाळी एकोणीस पक्षी पुन्हा आले होते. दहावे शून्य लिहून झाले, की पुढच्या कोऱ्या पानावर जुलैची शेवटची तारीख घालून ठेवावी, आणि त्या दिवशी छत्री घेऊन गच्चीवर जावे.